बिनधन्याची स्टेशने



रेल्वेचा इतिहास आपल्याकडे बहुधा आरंभांचा लिहिला जातो. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली गाडी शाळकरी मुलालाही ठाऊक असते. एखाद्या गावात शेवटची गाडी कधी थांबली, हे मात्र त्या गावातल्या माणसालाही नक्की सांगता येत नाही. यात विसराळूपणा थोडाच आहे. गावचे स्टेशन एखाद्या तारखेला, कोणाच्या तरी सहीने बंद झाले असे क्वचितच घडते. आधी रात्रीची गाडी जाते, मग मास्तर जातो, मग तिकीट खिडकी. शेवटी एखाद्या पावसाळ्यात पुलाच्या दुरुस्तीसाठी म्हणून गाडी थांबते आणि पुन्हा येत नाही. आजच्या व्याख्यानासाठी मी अशाच स्टेशनांचा विषय घेतला आहे. विदर्भातल्या मूर्तिजापूर जंक्शनपासून एक अरुंद मार्ग दक्षिणेला कारंजा, दारव्ह्यावरून यवतमाळला जातो, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा उत्तरेला दर्यापूर, अंजनगावावरून अचलपूरला, सुमारे ७६ किलोमीटर. लोकांनी या गाडीला शकुंतला म्हटले आणि त्या नावाने ती वर्तमानपत्रांत गाजली. माझा विषय गाडी नव्हे, तिच्या वाटेवरची किनखेड, विळेगाव, भडशिवणी, पोहे, लाखपुरी, कापूसतळणी, पथ्रोट ही स्टेशने आहेत. ती का बंद पडली, या प्रश्नाची तीन उत्तरे नेहमी दिली जातात: तोटा झाला, एसटी आली, इंग्रज कंपनीने पिळून घेतले. तिन्हींत थोडे थोडे तथ्य आहे. तरी माझे म्हणणे असे की, या स्टेशनांवर खर्च करण्यात ज्याचे हित होते असा एकही पक्ष व्यवहारात नव्हता, आणि ज्याचे नुकसान होत होते त्याला आपले म्हणणे मांडायला जागाच नव्हती. ही स्टेशने जन्मापासून बिनधन्याची होती.

ती तिथे उभी का राहिली, हे आधी पाहावे लागेल. १८५३ च्या तहाने निजामाकडून वऱ्हाड कंपनी सरकारच्या ताब्यात आले. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकेचा कापूस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर सगळ्यांची नजर गेली. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेचा मुख्य मार्ग १८६७ साली नागपूरला पोचला तेव्हा युद्ध संपून गेले होते, पण कापसाची वाट पडली होती. हा मुख्य मार्ग शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा गेला. कापसाच्या जुन्या पेठा मात्र त्याच्या बाजूला राहिल्या. खामगावाला १८७० साली जलंबहून फाटा मिळाला, अमरावतीला त्यानंतर वर्षभरात बडनेऱ्याहून. कारंजा राहिले. १८८६ साली हैदराबादच्या रेसिडेंटाच्या हुकमाने देशातली पहिली नियंत्रित कापूस बाजारपेठ म्हणून जिची नोंद झाली, त्या कारंजाचा कापूस पुढची पंचवीसेक वर्षे बैलगाड्यांनीच रेल्वेपर्यंत जात होता. अचलपूरची गत वेगळी नव्हती. एके काळी वऱ्हाडची राजधानी असलेले हे शहर रेल्वेच्या नकाशावर नव्हते. पावसाळ्यात काळ्या जमिनीतून भरलेली गाडी ओढणे म्हणजे काय, हे वऱ्हाडातल्या श्रोत्यांना सांगायला नको. तेव्हा गरज खरी होती, हे मान्य करून पुढे जाऊ.

ही गरज भागवायला सरकार स्वतः पुढे आले नाही. मुख्य मार्ग बांधताना दिलेल्या व्याजाच्या हमीचे चटके बसलेले होते. म्हणून फाट्यांसाठी वेगळी युक्ती काढण्यात आली. खाजगी कंपनीने भांडवल उभारून मार्ग बांधायचा, गाड्या मुख्य रेल्वेने चालवायच्या, उत्पन्नातून चालवण्याचा खर्च ठरावीक हिश्शाने कापून उरलेली रक्कम कंपनीला द्यायची, आणि तीही कमी पडली तर ठरावीक टक्क्यांपर्यंत भरपाई द्यायची. देशभर अशा शाखामार्ग कंपन्या निघाल्या. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीच्या व्यवस्थापनाखालची सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी त्यांतलीच एक. तिने १९१० च्या दशकात अडीच फुटी रुळांचे हे दोन्ही मार्ग टाकले, आणि पुलगाव ते आर्वी हा तिसराही. रूळ तिचे, गाड्या जीआयपीच्या. १९२५ साली जीआयपीचा कारभार सरकारने थेट हाती घेतला, १९५१ साली तिची मध्य रेल्वे झाली, तरी रुळांचा मालक आणि गाडी चालवणारा ही फारकत तशीच राहिली.

इथे एक लोकप्रिय समजूत दुरुस्त करून घ्यायला हवी. शकुंतलेबद्दल काहीही लिहिताना 'मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी बांधलेली रेल्वे' असे लिहिण्याची प्रथा आहे. रूळ पडले तोवर वऱ्हाडी कापसाची बाजारपेठ बरीच बदललेली होती. आपला कापूस आखूड धाग्याचा. लँकेशायरला अमेरिकेचा आणि इजिप्तचा लांब धागा पुन्हा मिळू लागल्यावर त्याने आपल्याकडे पाठ फिरवली. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गिरण्यांकडे, नागपूरला १८७७ पासून चालू असलेल्या एम्प्रेस मिलकडे, युरोपच्या मुख्य भूमीवर आणि फार मोठ्या प्रमाणावर जपानला जाऊ लागला होता. जपानच्या एनवायके कंपनीने १८९३ साली जमशेटजी टाटांच्या सहकार्याने मुंबई ते जपान बोटी सुरू केल्या, त्यामागे कापसाचाच हिशेब होता. ही दुरुस्ती मी इंग्रजांची बाजू घेण्यासाठी करत नाही. कापूस कुठेही जावो, स्टेशनांची जागा त्यानेच ठरवली, हे मला दाखवायचे आहे. मोठ्या पेठांजवळ जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले आणि रुईच्या गाठी तिथून गाडीत चढू लागल्या. मधली स्टेशने पेठेला कापूस, धान्य आणि माणसे पुरवणारी. प्रवासी हा या सगळ्या मांडणीत वरकड उत्पन्नाचा भाग होता. तो आला तर चांगले, न आला तरी दिवाळीपासून होळीपर्यंतच्या हंगामात भांडवलावरचा परतावा निघत होता.

गावाच्या बाजूने मात्र हेच स्टेशन वेगळे दिसत होते. एका छोट्या स्टेशनात काय काय असे, याची यादी वाढवता येईल. मला त्यातल्या दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, वजनकाटा आणि पावती. मालाचे वजन गावाबाहेरचा, व्यापाऱ्याचा मिंधा नसलेला माणूस करतो आणि त्याचा छापील कागद हातात मिळतो, हा अनुभव शेतकऱ्याला सावकाराच्या ओसरीवर मिळणारा नव्हता. दुसरी, पार्सल. आंब्याची करंडी, तुपाचा डबा, सायकल, शिलाई मशीन, शहरात शिकणाऱ्या मुलाचा शिधा. दहा-वीस किलोचा जिन्नस एकट्याने पाठवण्याची सोय गावात दुसरी कुठलीच नव्हती. टपाल खाते काही अंशी ती करत असे, पण किती वजनापर्यंत, हे त्याच्याशी ज्यांचा संबंध आला त्यांना माहीत आहे. या दोन्ही सेवांचे पैसे रेल्वेच्या खात्यात जमा होत. त्यांचा उपयोग मात्र कोणत्याही खात्यात जमा होत नसे. हा फरक लक्षात ठेवावा. तोट्याच्या मुद्द्याकडे येताना तो पुन्हा लागणार आहे.

आता कराराचा परिणाम. मुंबईतल्या पागडीच्या चाळीची अवस्था सर्वांना परिचित आहे. भाडे इतके ठरलेले की मालकाला दुरुस्ती परवडत नाही, आणि भिंत आपली नाही म्हणून भाडेकरू तिला हात लावत नाही. चाळ मात्र दोघांच्या डोळ्यांदेखत खचत जाते. कंपनीला रुळांवर नवे भांडवल घालून काय मिळणार होते? उत्पन्न वाढले तरी दर सरकार ठरवणार, गाड्या रेल्वे ठरवणार. आणि मध्य रेल्वेने दुसऱ्याच्या मालकीच्या रुळांवर, पुलांवर कोट्यवधी का ओतावेत? तसे करायला गेले असते तर हिशेब तपासनिसानेच आक्षेप घेतला असता. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेले वाफेचे इंजिन १९२३ पासून १५ एप्रिल १९९४ पर्यंत या मार्गावर चालले, याचे आपल्याकडे कौतुक होते. कारागिरीचे कौतुक जरूर करावे. पण सत्तर वर्षे एका मार्गाचे इंजिन बदलावेसे कोणाला वाटले नाही, याचा अर्थ तिथे धनी नव्हता असाही होतो. जुन्या रुळांमुळे वेग घटला. वेग घटल्याने ज्याला घाई होती तो प्रवासी गेला, आणि प्रवासी गेल्यामुळे फेऱ्या घटल्या. फेरी दिवसाला एकीवर आली की समोरून दुसरी गाडी येण्याचा प्रश्नच उरत नाही, म्हणजे मधल्या स्टेशनांवर मास्तर आणि सिग्नल ठेवण्याचे कारणही उरत नाही. माणसे काढून घेतल्यावर तिकिटे गार्डच फाडू लागला, आणि तो सगळ्यांपर्यंत पोचेना. डबे भरून जात असतानाही जमा रक्कम आटत गेली ती अशी.

या विवेचनावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. १९५१ साली राष्ट्रीयीकरण करताना ही रेल्वे राहून गेली, भारत सरकार आजही इंग्रज कंपनीला रॉयल्टी भरते, आणि हाच खरा अन्याय आहे, असे म्हणतात. ही कथा इतक्यांदा छापून आली आहे की ती तपासण्याची गरज कोणाला वाटत नाही. कंपनीला मार्गाच्या वापराबद्दल पैसे मिळत होते, हे खरे. पण किलिक निक्सन ही पेढी स्वातंत्र्यानंतर भारतीय हातांत आली. पैसे लंडनला जात आहेत हे चित्र त्यामुळे निदान अपुरे ठरते. आणि ही रेल्वे चुकून राहून गेली हेही पटण्याजोगे नाही. अशा शाखामार्गांच्या करारांत ठरावीक वर्षांनी मार्ग विकत घेण्याचा पर्याय सरकारकडे असे. इथे तो वापरला गेला नाही. खाजगी राहिलेली ही एकटीच नव्हती. बंगाल-बिहारात मार्टिन कंपनीच्या हलक्या रेल्वे होत्या. त्या पेढीचे एक संस्थापक सर राजेंद्रनाथ मुखर्जी, म्हणजे मालकीत भारतीय वाटा पहिल्यापासून. तरी हावडा–आमता मार्ग १९७१ साली बंद पडला आणि आरा–सासाराम १९७८ साली. तिथे शिव्या द्यायला इंग्रज नव्हता. परक्या लुटारूची कथा आपल्याला आवडते, कारण तिच्यात आपले काही चुकलेले नसते. किनखेडच्या प्रवाशाला मात्र मालक कोणत्या रंगाचा होता यापेक्षा मालकाला रूळ बदलण्यात स्वारस्य होते की नव्हते, एवढ्याशीच कर्तव्य होते.

तुलनेला महाराष्ट्रातच एक चांगले उदाहरण आहे, ते म्हणजे बार्शी लाइट रेल्वे. रुळांची रुंदी तीच, अडीच फूट. कंपनी खाजगी आणि नोंदणी लंडनची, म्हणजे परकेपणात शकुंतलेच्या वरचढ. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत हा मार्ग सुरू केला. १९०६ ला तो पंढरपूरला, १९११ ला लातूरला आणि १९२७ ला मिरजेला पोचला. इथे कापूस होता, शेंगा होत्या, आणि वारीही होती. १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने हा मार्ग विकत घेतला. पुढचा प्रवास काही वेगवान नव्हता. रुंदीकरण पुरे व्हायला २०११ उजाडावे लागले. पण ते झाले. आज मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर ही सलग रुंद वाट आहे. एकाच मापाच्या, एकाच काळातल्या आणि एकाच पद्धतीच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या दोन रेल्वे घ्याव्यात आणि त्यांच्यातला ठळक फरक शोधावा. १९५४ नंतर एकीला मालक होता, दुसरीला नव्हता. जमीन, पाऊस, पीक, पुढाऱ्यांचे वजन हे फरकही आहेत, आणि शेवटचा फरक हलका धरण्याजोगा नाही. पण पुढाऱ्याचे वजन वापरायचे तरी समोर निर्णय घेऊ शकणारे दार लागते. यवतमाळच्या माणसाने दार ठोठावले की मुंबईतल्या रेल्वेने कंपनीकडे बोट दाखवायचे आणि कंपनीने रेल्वेकडे.

मालकी सरकारी झाली की सगळे सुरळीत होते, असे यावरून कोणी समजू नये. गुजरातेत बडोद्याच्या गायकवाडांनी अडीच फुटी रुळांचे जाळे विणले होते. १९४९ साली संस्थान विलीन झाल्यावर ते सरकारी झाले. तिथला मालक निर्विवाद होता, तरी त्यातल्या कित्येक मार्गांवरच्या गाड्या पुढे थांबल्या. माझ्या म्हणण्याला हा खरा अडथळा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर नाही. त्याचे उत्तर मी असे देतो: मालक असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. मालकाला ज्याच्यापुढे उत्तर द्यावे लागेल असा ऐकणारा दुसऱ्या बाजूला हवा. ब्रिटनमध्ये १९६२ च्या कायद्याने प्रवासी सेवा बंद करण्यापूर्वी जाहीर नोटीस काढणे, हरकती मागवणे आणि प्रवाशांना होणाऱ्या हालअपेष्टांबद्दल सल्लागार समितीने मंत्र्याला अहवाल देणे बंधनकारक केले होते. समितीला तोटा-नफ्याबद्दल बोलता येत नसे, आणि बहुतेक ठिकाणी मंत्र्याने बंदीच कायम केली. म्हणजे ती व्यवस्था आदर्श होती असे नाही. तरी प्रत्येक बंद स्टेशनामागे एक तारीख, एक हरकत आणि एक सही राहिली. आपल्याकडे विभागीय आणि झोनच्या पातळीवर प्रवासी सल्लागार समित्या आहेत. त्या सल्ला देतात. गावच्या प्रवाशाला हक्काने हजर राहता येईल अशी जाहीर सुनावणी नाही. त्यामुळे बंद करणे हा निर्णयच ठरत नाही. गाडी 'तात्पुरती' थांबते आणि तात्पुरतेपणाला मुदत नसते.

ब्रिटनचे नाव निघालेच आहे तर तोट्याचा आक्षेपही तिथूनच घेऊ, कारण त्याची सर्वांत पद्धतशीर मांडणी तिथे झाली. २७ मार्च १९६३ रोजी डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात २,३६३ स्टेशने आणि सुमारे ५,००० मैल मार्ग बंद करण्याची शिफारस होती. एकूण मार्गाच्या एक-तृतीयांश लांबीवर प्रवासी वाहतुकीचा जेमतेम एक टक्का होतो, हा त्यातला आकडा आजही उद्धृत होतो. आकडा खोटा नव्हता. पण तो एप्रिल १९६१ मधल्या एका आठवड्याच्या मोजणीवर उभा होता, आणि त्यामुळे उन्हाळ्यात गजबजणारी समुद्रकाठची स्टेशने वर्षभर ओसाड असल्यासारखी दिसली. हीच पट्टी कारंजाला लावून पाहा. गुरुमंदिरातल्या उत्सवाचा आठवडा मोजला तर एक उत्तर येईल, ऐन नांगरणीचा मोजला तर दुसरे. हे झाले हंगामाचे. याहून मोठी चूक खर्चाच्या बाजूला होती. आहे त्या पद्धतीने, आहेत तेवढे नोकर ठेवून किती तोटा होतो हे मोजले गेले. साध्या पद्धतीने चालवले तर किती होईल, हे फारसे पाहिले गेले नाही. जेरार्ड फिएन्स या रेल्वे अधिकाऱ्याने ईस्ट सफोक मार्गाच्या बाबतीत नेमके ते पाहिले. गाडीतच तिकीट देणारा गार्ड, नोकराविना स्टेशने, साधे सिग्नल. तो मार्ग वाचला आणि आजही चालू आहे. गंमत अशी की, गार्डने तिकीट देण्याची तीच पद्धत शकुंतलेवर आली, पण ती काटकसरीची योजना म्हणून न येता सोडून दिल्याची खूण म्हणून आली. योजना असती तर तिच्याबरोबर रुळांची दुरुस्तीही आली असती.

तोटा नव्हताच, असे मी म्हणत नाही. अरुंद मार्गावर मूळचाच एक दोष होता. मूर्तिजापूरला रुळांचे माप बदलते, म्हणून प्रत्येक गाठ उतरवून पुन्हा चढवावी लागे. मजुरी दुप्पट, मोडतोड वेगळी. ट्रक जिनच्या दारातून निघून थेट गिरणीच्या दारात जातो. डांबरी रस्ते झाल्यावर कापूस गाडीतून गेला, यात कोणाचे कारस्थान शोधण्याची गरज नाही. पुढे १९७० च्या दशकात राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी आली, तेव्हा वाहतुकीचा कणा ट्रकच होता. ज्या मालासाठी स्टेशन बांधले तो गेला आणि ज्याची कोणी मोजदाद केली नव्हती तो प्रवासी उरला. हाच क्षण निर्णयाचा होता. आता ही सेवा प्रवाशांसाठी आहे, तिचा खर्च इतका, तो कोण उचलणार, असा प्रश्न तेव्हा स्पष्ट विचारायला हवा होता. ब्रिटनने तो उशिरा का होईना, १९६८ च्या कायद्यात विचारला आणि सामाजिक गरजेच्या मार्गांना अनुदान देण्याची तरतूद केली. आपल्याकडे अनार्थिक शाखामार्गांचा तोटा सामाजिक दायित्व म्हणून हिशेबात दाखवला जातो. दाखवला जातो एवढेच. एखाद्या मार्गाचे दायित्व कोणी, किती वर्षांसाठी स्वीकारले, हे त्या बेरजेवरून कळत नाही.

एसटीबद्दलचा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली बस सोडणाऱ्या या संस्थेने गावांना जे दिले ते रेल्वेने कधीच दिले नसते. बस गावात येते, स्टेशन बहुतेकदा गावाबाहेर असते. बस तालुक्याच्या कचेरीपाशी सोडते. बस दिवसातून चारदा येते. हे सगळे मान्य. पण एसटीचे तिकीट रेल्वेच्या साध्या तिकिटाच्या कितीतरी पट असते, आणि ज्याच्या डोक्यावर भाजीची पाटी व हाताला दोन पोरे आहेत त्याच्या दृष्टीने हा फरक किरकोळ नसतो. बसच्या टपावरून किती माल नेता येतो यालाही मर्यादा आहे. शिवाय गाडी बंद झाल्यावर तिथे एसटीच्या फेऱ्या वाढल्या पाहिजेत, असे बंधन कोणावर घातले गेले नाही. रेल्वे केंद्राची, एसटी राज्याची. एकीने सोडलेला प्रवासी दुसरीने उचलावा असा करार दोघींत नाही. प्रत्यक्षात तो काळीपिवळी जीपच्या फळकुटावर बसला. एसटीने रेल्वेची जागा घेतली, हे म्हणणे वेळापत्रके शेजारी शेजारी ठेवून सिद्ध करावे लागेल, आणि तसे ते कोणी केलेले नाही.

शेवटचा आक्षेप आशावाद्यांचा आहे. २०१६ साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना या मार्गांच्या रुंदीकरणाची घोषणा झाली. वर्धा–यवतमाळ–नांदेड हा नवा रुंद मार्ग बांधला जात असून त्यातला वर्धा ते कळंब हा टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरूही झाला. मग जुन्या रुळांसाठी गळा का काढायचा? यवतमाळला गाडी मिळावी, लवकर मिळावी, याबद्दल वाद नाही. पण यवतमाळला गाडी मिळणे आणि भडशिवणीला मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नवा मार्ग दारव्ह्यावरून दक्षिणेला पुसदकडे वळतो. दारव्हा ते मूर्तिजापूर या पट्ट्याशी त्याचा संबंध नाही. रुंदीकरणातही जुनी स्टेशने जुन्या जागी राहतात असे नाही. कुर्डुवाडी–लातूर मार्ग रुंद करताना तो वळवून उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला नेला. जिल्ह्याच्या गावाला पहिल्यांदा रेल्वे मिळाली, हे योग्यच झाले. पण रुंद मार्गाची आखणी मोठ्या गावांचा, वेगाचा आणि मालगाडीचा विचार करते, आणि त्यात मधले गाव पुन्हा वरकड ठरते. २०२० च्या टाळेबंदीनंतर हे देशभर दिसले. मार्ग चालू, रूळ उत्तम, पण पॅसेंजर गाड्यांचे छोटे थांबे नव्या वेळापत्रकात गळाले. ज्या गाड्या आल्या त्या 'विशेष' म्हणून आल्या आणि दहा रुपयांच्या किमान भाड्याऐवजी तीस रुपये आकारले जाऊ लागले. ते भाडे २०२४ च्या फेब्रुवारीत पूर्ववत झाले. गळालेल्या थांब्यांची यादी एकत्र अशी कोणी प्रसिद्ध केलेली नाही.

म्हणून माझी मागणी शकुंतला वाचवा या घोषणेपेक्षा लहान आणि जास्त अवघड आहे. मूर्तिजापूरच्या दोन्ही मार्गांबाबत मालकीचा प्रश्न आधी निकाली काढावा, कारण तो सुटल्याशिवाय कोणत्याही घोषणेला पाय फुटणार नाहीत. आणि कोणतेही स्टेशन, कोणताही थांबा सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ बंद राहिला तर त्या गावात जाहीर सुनावणी घेणे कायद्याने बंधनकारक करावे. सुनावणीत रेल्वेने खर्चाचा हिशेब मांडावा, राज्य सरकारने पर्यायी बसचे वेळापत्रक मांडावे, आणि मग बंद करायचे तर सही करून बंद करावे. काही स्टेशने अशा सुनावणीनंतरही बंदच राहतील, आणि ती राहायलाही हवीत. प्रत्येक थांबा राखणे कोणत्याही रेल्वेला शक्य नाही.

या सभागृहात वऱ्हाडातली मंडळी मोठ्या संख्येने आहेत, त्यांना एक विनंती करतो. या मार्गाचा इतिहास लिहायचा तर कंपनीचे आणि रेल्वेचे कागद पुरणार नाहीत, कारण त्यांत गाव नाही. अडत्यांच्या वह्या, जिनिंग कारखान्यांची रोजकीर्द, रेल्वेच्या मालपावत्या, निवृत्त नोकरांकडची वेळापत्रके, ग्रामपंचायतींनी गाडीसाठी केलेले ठराव हे सगळे कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, दारव्ह्याच्या माळ्यांवर आणि कपाटांत पडून असेल. घर पाडताना ते रद्दीत घालू नका. जवळच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि पोच घ्यायला विसरू नका.